फुलांची बांधी

झड लागून चार दिवस झाले होते आणि ती थांबू नये असं वाटणारी साऱ्या गावात एकटी धनवंता होती.

तशी झड आता लागत नाही. तेव्हा एकदा लागली की आभाळ खाली येऊन छपराच्या कवेलूंवरच बसायचं. गोवऱ्या ओलावायच्या, चूल नुसती धुमसायची, आणि अंगावरचं लुगडं वाळतच नसल्यामुळे बाया ओल्या पदरानेच वावरायच्या. घरात जिथे जिथे गळे तिथे गंज, ताट, गुंड, हाती येईल ते भांडं ठेवलेलं असायचं. त्यांचा टपटप आवाज ऐकून कोणतं भांडं भरत आलं हे बायकांना न बघता कळे. साल त्रेपन्न होतं. दवनीवाड्यापासून दोन कोसांवरच्या त्या गावात श्रावण अर्धा सरला होता, धानाची रोवणी आटोपली होती, आणि लोक घरापुढच्या छपरीत बसून आभाळाला शिव्या देत होते. धानाची पाती पाण्याखाली गेली होती. आणखी चार दिवस असंच राहिलं तर सडणार.

धनवंता मात्र सकाळी उठली की आधी नाल्याचा आवाज ऐकायची. नाला घोंघावत असला की तिचा जीव खाली बसायचा. आजही गाडी निघणार नाही.

तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. नवरा नत्थूलाल, पंधरा एकर धानाच्या जमिनीचा मालक, एकुलता एक. सासू रामबाईने सहा वर्षं नवस केले, दोन वर्षं टोमणे मारले आणि नवव्या वर्षी आपल्या भावाला, भैय्यालाल मामाला निरोप धाडला. त्या काळी घरात दुसरी आणायला कायद्याची आडकाठी नव्हती. मामा आठवड्यापूर्वी आला तो सालेकशाकडच्या एका मुलीची बातमी घेऊनच. सतरा वर्षांची, दोन भावांची बहीण, बाप समजूतदार. बोलणं झालं, आता फक्त नत्थूलालने जाऊन मुलगी पाहायची आणि नारळ द्यायचा. दमणी, म्हणजे बसायची बैलगाडी, जुंपायचा दिवस ठरला आणि त्याच पहाटे झड लागली. मामा अडकला, दमणी अडकली. नाला उतरला की निघायचं, एवढंच आता उरलं होतं.

"तुले कोनी हाकलून नाई रायलं वं," रामबाईने तिला सांगितलं होतं, आणि खरं म्हणजे ते तिने प्रेमानेच सांगितलं होतं. "घर तुयंच आहे. येनारी तुया हाताखाली राहील. फक्त पोरगं पायजे घरात."

धनवंताने मान हलवली होती. तिची एक आत्या अशीच एका घरात पहिली होती. तिलाही कुणी हाकललं नव्हतं. नुसत्या आधी कमरेच्या किल्ल्या सरकल्या, मग चुलीजवळचा पाट सरकला, मग खाट सरकत सरकत धानाच्या कोठीजवळ गेली. घरातले सगळे तिला 'मोठी' म्हणत. मोठीला विचारा, मोठीला वाढा. सवतीची लेकरं जेवून उठली की मोठी जेवायची. आत्या वारली तेव्हा तिचं खरं नाव काय होतं यावर बायकांचा बराच वेळ घोळ झाला होता, ते धनवंताने स्वतः ऐकलं होतं.

झडीच्या दुसऱ्या दिवशी धनवंताच्या मनात फुलं आली.

अंगणाच्या कवाडापासून विहिरीपर्यंत भिंतीला लागून जमिनीचा एक पट्टा होता. बावीस हात लांब, दोन हात रुंद. तिथे तण, मोडका नांगर आणि फुटकी मडकी याशिवाय काही नव्हतं. नऊ वर्षं ती त्याच्या बाजूने पाण्याची गुंड डोक्यावर घेऊन येत-जात होती. तिच्या माहेरी आईने असाच पट्टा राखला होता. सगळ्या गावाची पूजेची फुलं तिथून जायची आणि लोक घराला 'फुलवाल्यांचं घर' म्हणायचे, बापाच्या नावाने नाही. हे आठवलं आणि धनवंताला वाटलं, इथे आपण काहीतरी रुजवायला हवं. दुसरी येण्याच्या आधी.

पण बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती. मग ती सूप घेऊन छपरीच्या कोपऱ्यात बसली आणि बाग सुपात मांडू लागली. पाहणाऱ्याला वाटावं, डाळ निवडते आहे. लाखोळीची पिवळी डाळ म्हणजे गेंदा, झेंडूची फुलं. मसूर म्हणजे जास्वंद. जवसाचे दाणे म्हणजे शेवंती आणि तांदूळ म्हणजे मोगरा. भिंतीच्या बाजूला उंच वाढणारी जास्वंद, तिच्यापुढे शेवंती, अगदी पुढे गेंद्याची ओळ. ती नखाने एकेक दाणा सरकवायची. गेंदा दसऱ्याला येईल. शेवंती दिवाळीपासून थेट माघापर्यंत. जास्वंद बारमाही. मग होळीनंतर काय? तिथे ओळ उघडी पडत होती. तिने विहिरीच्या टोकाला तांदळाचे पाच दाणे ठेवले. मोगरा. चैत्र-वैशाखात. पण मोगऱ्याला धरायला दोन वर्षं लागतात. दोन वर्षांनी मी याच छपरीत बसले असेन का, की कोठीजवळ? तिने पाच दाणे उचलले, मुठीत धरले आणि परत ठेवले.

"पायलीभर डाळीले तीन दिवस?" रामबाई मागे येऊन उभी राहिली होती. "आमच्या काळी एवढ्यात आमी तीन पोती निवडत होतो."

"खडे लय आहेत, मामीजी." सासूला ती मामीजीच म्हणे.

"आन हे काय? डाळीत मसूर, मसुरीत जवस! कोनी मिसळलं वं हे?" सासूने सूप तिच्या हातातून घेतलं, उभ्या उभ्या दोनदा खणखणीत पाखडलं, कोंडा उडवला आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं. "आता निवड."

सगळी बाग सुपाच्या एका कोपऱ्यात ढीग होऊन पडली होती. धनवंताला हसूच आलं. ती ओठ दाबून पुन्हा पहिल्या ओळीपासून दाणे मांडायला बसली.

खाटेवर पडून विडी ओढणाऱ्या भैय्यालाल मामाने ते हसू पाहिलं. मामा तसा वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला गप्प बसता येत नसे.

"हासून रायली आमची सूनबाई! मी मनलंच होतं रामबाईले, पोरगी समजदार आहे. आता तू मोठी होशील बाप्पा! हुकूम सोडाचा आन पाय लांब करून बसाचं. कामाले धाकटी आहेच."

"मामाजी, विडी विझली तुमची," धनवंता म्हणाली.

"हे पाय, माचीसबी ओलं झालं. काय झड आहे का का आहे!"

पाचव्या दिवशी पाऊस घटकाभर बारीक झाला. धनवंता पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन शेजारच्या देवकाबाईकडे गेली. देवकाबाई विधवा होती, तोंडाची फटकळ, पण तिच्या वाडीत वाटेल ते उगवे. तिने गेंद्याची रोपं उपटून दिली, शेवंतीचे फुटवे दिले, जास्वंदीच्या काड्या छाटून दिल्या आणि देताना बोलतही राहिली.

"फुलं कायले वं? वांगे लाव. वांगे भाजून तरी खाता येते. फुल का भाजशील?"

"माहेरी होती आमच्या. मन झालं."

"मन झालं! घरात आग लागून रायली आन इले फुलं सुचली." मग देवकाबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. आत गेली आणि मोगऱ्याची मुळं फुटलेली एक फांदी ओल्या चिंधीत गुंडाळून घेऊन आली. "धर. याले दोन वरस वाट पाहा लागते. आन पान्यात उभी नोको करू, मुळं कुजते. धानाचे हात आहेत आपले, मनून सांगून रायली."

ते धनवंतालाही ठाऊक होतं. तिची आई म्हणायची, धानाला पाणी अडवावं अन् फुलाला पाण्याची वाट करून द्यावी. त्या घटकाभरात धनवंताने पट्ट्यातलं तण काढलं, मधली माती ओढून कासवाच्या पाठीसारखा उंचवटा केला, कवाडाकडे उतार ठेवला आणि रोपं लावली. पुढे गेंदा, मग शेवंती, भिंतीशी जास्वंद. सुपात होतं तसंच. मोगऱ्याची फांदी मात्र लावली नाही. ती छपरीतल्या गडव्यात ठेवली.

त्या दिवशी दुपारी नत्थूलाल जेवायला बसला तेव्हा सासू आणि मामा आत लवंडले होते. नवरा-बायको दोघंच समोरासमोर असण्याची वेळ त्या घरात दिवसातून तेवढीच यायची. नत्थूलाल मुळातच कमी बोलणारा. नऊ वर्षांत त्याने तिच्यावर हात उचलला नव्हता. दुसरीचा विषय निघाल्यापासून तर तो तिच्याकडे पाहतही नव्हता, भाताकडे बघून जेवायचा. तिला त्याला विचारायचं होतं, तुमच्या मनात काय आहे? ते विचारणं जमत नव्हतं. तिने भातावर वरण घातलं आणि म्हणाली,

"अजी, मोगऱ्याची फांदी आणली आहे. विहिरीजवळ लावू का?"

तो खात राहिला.

"त्याले दोन वरस लागते. दोन वरसांनी फुलते. मनून विचारून रायली. लावू का नोको?"

तेव्हा त्याने मान वर केली. बऱ्याच दिवसांनी त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं.

"लाव ना," तो म्हणाला. "लाव."

धनवंता स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर पाऊस पुन्हा धरला होता. दोन वेळा म्हणाला तो, दोन वेळा. सहज बोलणारा माणूस एकदा म्हणतो. संध्याकाळी भर पावसात जाऊन तिने विहिरीजवळ मोगरा लावला आणि त्या दिवसापासून नाल्याचा आवाज ऐकणं तिने सोडून दिलं. हे पुढे तिला फार लागलं.

सहाव्या दिवशी ती चुलीशी होती. बाहेर फावड्याचा आवाज आला. तिने खिडकीच्या फटीतून पाहिलं. धो-धो पावसात, डोक्यावर पोतं, धोतर वर खोवलेलं, नत्थूलाल तिच्या फुलांच्या पट्ट्यात काम करत होता. माती ओढत होता, थापत होता, पुन्हा ओढत होता. शेतात नाही, नाल्यावर नाही. इथे. तिच्या डोळ्यांसमोर चूल धूसर झाली. तिने धुराला दोष दिला. राखून ठेवलेलं बेसन काढलं आणि अळूच्या पानांच्या पातोड्या करायला घेतल्या. नऊ वर्षांत तिने मनाने, कुणी न सांगता केलेला तो पहिला पदार्थ असेल. सासूने वास घेतला आणि विचारलं, "आज कोन येऊन रायलं?"

"कोनी नाई, मामीजी. झडीत बरं लागते."

आवाज थांबला तशी ती ताटलीवर पान झाकून बाहेर गेली.

नत्थूलाल फावडं टेकून उभा होता. पाऊस त्याच्या नाकावरून, हनुवटीवरून गळत होता आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. पट्ट्याच्या चारी बाजूंनी त्याने धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला होता. साधासुधा नाही. वीतभर उंच, वरून हात फिरवून गुळगुळीत केलेला, कोपरे नीट वळवलेले, पंधरा एकरांत असा देखणा धुरा नसेल. मधला उंचवटा मोडून त्याने माती सपाट करून टाकली होती आणि कवाडाकडचा उतार पक्का बुजवला होता. पाणी अडवायला शेताचा तुकडा बांधून धानाची बांधी करावी तशी ती बांधी झाली होती. तिच्यात घोटाभर पाणी तुंबलं होतं आणि पाण्यातून गेंद्याचे शेंडे वर डोकावत होते. मोगऱ्याचं एकच पान दिसत होतं.

"एक थेंब जानार नाई आता," तो म्हणाला. "तू तर सारं पानी वाहून जाऊ देऊन रायली होती. माती धुऊन गेली असती."

धनवंता ताटली घेऊन तशीच उभी राहिली. पानावर पावसाचे थेंब तडतड वाजत होते. फोडा तो, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या हातांकडे पाहून तिला ते म्हणवेना. एवढी वर्षं या हातांनी पाणी अडवणं हेच काम केलं होतं. एखाद्या रोपाशी माया करायची तर आणखी कशी करतात हे त्या हातांना कसं कळावं?

"छान झालं," ती म्हणाली.

त्याला धीर आला. फावड्याची माती बोटाने काढत, तिच्याकडे न बघता तो पुढे बोलला. नऊ वर्षांत तो एका दमात एवढं बोलला नव्हता.

"मी मनलं, तू विचारलं ना काल... तर मले बरं वाटलं. ती आल्यावर तुया जीवाले काही तरी पायजे. दिवस जात नाई बाईमानसाचा. फुलंगिलं राह्यली तर मन रमते. दोन वरस लागू दे, चार लागू दे, तुले का घाई आहे? तुयाकडे कोनी येनार नाई, हा पट्टा तुयाच. मी मायलेबी सांगून देईन."

पाऊस पडत होता. आतून मामाने कुणाला तरी हाक मारली.

"पातोड्या आहेत," धनवंता म्हणाली आणि ताटली त्याच्या हातात दिली.

त्याने एक तोंडात टाकली. "गरम आहेत," म्हणाला.

त्या रात्री झड उघडली. सकाळी लोक घराबाहेर येऊन आभाळाकडे बघू लागले, बायांनी वलण्या बांधल्या, गावभर ओल्या कपड्यांचा वास सुटला. नाला उतरायला मात्र आणखी दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत धनवंता कामं करत राहिली, पट्ट्याजवळून पाणी घेऊन येत-जात राहिली आणि एकदाही वाकली नाही. बोटभर धुरा टोकरला असता तर पाणी निघून गेलं असतं. तिला ते रोज चार वेळा सुचायचं आणि रोज चार वेळा ती पुढे जायची. देवकाबाईने भिंतीवरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवं, फोड ना! सडून रायले ते!"

"त्यांनी बांधला आहे," धनवंता म्हणाली.

"बांधला मनून का पूजा करशील त्याची?"

तिसऱ्या दिवशी सकाळी दमणी जुंपायला काढली. मामा धुतलेलं धोतर नेसून आधीच आत बसला होता. रामबाईने नारळ, साखर आणि नवं लुगडं फडक्यात बांधून दिलं. धनवंता विहिरीवर पाणी शेंदत होती. नत्थूलाल बैलांना पाणी पाजायला तिकडे आला तेव्हा त्याची नजर पट्ट्यावर गेली. पाणी हिरवट झालं होतं. गेंदा काळा पडून आडवा झाला होता, शेवंतीचे फुटवे गळले होते, मोगऱ्याचं ते पान पाण्यावर सुटून तरंगत होतं.

"काऊन मेले वं?" त्याने विचारलं. खरंच नवल वाटून विचारलं.

"पानी जास्त झालं."

"मंग सांगाचं होतं. मी फोडून देल्ला असता."

धनवंताच्या हातातला दोर थांबला. सांगायचं होतं. एवढं सोपं होतं का हे? एवढंच राहून गेलं होतं का? विहिरीवर दोघंच होते, मामा दमणीत, सासू घरात. तिने दोर सोडला, बादली खाली जाऊन आपटली.

"आता सांगून रायली," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "नोका जाऊ."

नत्थूलाल बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याला कळलं, हे तिला दिसलं. त्याने एकदा दमणीकडे पाहिलं, एकदा घराकडे.

"अरे, ऊन चढून रायलं!" मामा ओरडला. "नाला पुन्हा भरला का बसशील आठ दिवस!"

"मामानं शबद देऊन टाकला आहे," नत्थूलाल हळूच म्हणाला. आणि बैलांचा कासरा ओढून घेत, "तू आधी सांगाचं होतं."

त्याने बैल वळवून दमणीला जुंपले. कवाडातून बाहेर पडताना दमणीचं चाक धुऱ्याच्या कोपऱ्याला घासलं. कोपरा मोडला नाही, एवढा पक्का बांधलेला होता. घुंगरांचा आवाज नाल्यापर्यंत ऐकू आला, मग नाही.

रामबाई बाहेर आली. सुनेकडे तिने पाहिलं नाही. पाहणं तिलाही जड जात असावं. कमरेवर हात ठेवून ती पट्ट्याकडे बघत राहिली. चांगली माती, चांगला धुरा, वर उभं पाणी. शेतकऱ्याच्या घरची बाई ती. रिकामी बांधी तिला बघवत नव्हती.

"पऱ्ह्यांच्या आठ-दहा जुड्या उरल्या आहेत खारीत," ती म्हणाली. "पिवळ्या पडल्या, पन धरतील. बांधी बांधलीच आहे तर रोवून टाक. सनाले चार शेर तांदूळ तरी होईल."

धानाच्या रोपांच्या त्या जुड्या तिने स्वतःच रोपांच्या वाफ्यातून आणून धुऱ्यावर टाकल्या आणि घरात निघून गेली.

धनवंताने लुगड्याचा ओचा खोवला आणि पाण्यात उतरली. आधी तिने मेलेली रोपं गोळा केली, कवाडाबाहेर टाकून आली. मग जुडी सोडली, डाव्या हातात धरली, आणि वाकून मागे मागे सरकत रोवू लागली. चार काड्या, अंगठ्याने दाब, पुढचं पाऊल मागे. हे तिला सहा वर्षांची असल्यापासून येत होतं. ओळी सरळ येत होत्या, बघावं लागत नव्हतं. दोन हातांच्या रुंदीत सहा ओळी बसत होत्या. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, "काय वं, दारातच धान?" तिने मान वर केली नाही. कवाडापासून सुरुवात केली होती, मागे सरकत सरकत ती विहिरीच्या टोकाला आली. तिथे चिखल पायाला जरा मऊ लागला. तिने तिथेही चार काड्या दाबल्या.